वर्षाचा मालक

मागच्या खोलीत मावशी डोळे मिटून पडली होती आणि कानांनी घर बघत होती. नळ सुरू झाला, म्हणजे सूनबाई उठली. नळ बंद होऊन पातेलं आदळलं, म्हणजे घुश्शात उठली. मोरीतून खाकरण्याचा आवाज आला, म्हणजे भाच्याची दाढी चालू आहे. पंचाहत्तरीच्या मावशीचे कान अजून धड होते आणि डोकं तर कानांहून धड होतं. या घराची अडचण हीच होती.

आज संस्थेच्या बाई येणार होत्या. मावशीला कुणी तसं तोंडावर सांगितलं नव्हतं; पण मधली भिंत पातळ आणि सूनबाईचा आवाज जाड. फोनवर ती आपल्या बहिणीला सांगत होती, "अगं, चालतं-बोलतं माणूस ते घेतच नाहीत. रांग लागलेली असते त्यांच्याकडे. भान गेलेलं लागतं. वार-तारीख सांगता येत नाही, कुठे आहोत ते कळत नाही, असं. बाई घरी येऊन प्रश्न विचारतात, मग ठरवतात." थोडं थांबून ती खुसखुसली होती. "हो ना! आणि आमच्याकडे नेमकं वार-तारखेचंच दुकान!"

म्हणजे सगळं सरळ होतं. मावशीने उत्तरं नीट दिली तर ही खोली तिची. चुकली तर संस्था. तिथल्या दारांना कडी बाहेरून असते, हेही भिंतीतूनच कळलं होतं.

खरं तर तिला हसू यायला हवं होतं. वार विचारणार? तिला? शंभर वर्षांमागची तारीख सांगा, पुढची सांगा, कपातला चहा निवायच्या आत ती वार सांगत असे. पण वार काढायला आधी तारीख लागते, आणि तारीखच तिच्याकडे नव्हती. मे महिन्याच्या शेवटी तिला ताप आला. तापात किती दिवस गेले ते तिला समजलं नाही. उठून बसली तेव्हा समोरच्या भिंतीवर कॅलेंडर नव्हतं, नुसता खिळा होता. "रंग द्यायचाय ना भिंतीला," सूनबाई म्हणाली. रंग काही आला नाही. पेपर बंद झाला होता, "वाचतंय कोण?" म्हणून. मावशीचा फोन दुरुस्तीला गेला तो गेलाच. महिना जूनच चालू आहे एवढं तिला पक्कं माहीत होतं. पुढचं सगळं धुक्यात.

भाचा चहा घेऊन आत आला. चाळिशी उलटलेली, पोट सुटलेलं, तरी मावशीसाठी तो अजून छोटूच.

"छोटू, आज तारीख किती रे?"

त्याने कपाचा कान तिच्या बोटांत नीट बसवला. बशी खाली धरली. "बारा, मावशी."

"नक्की ना? तुझी बायको रोज वेगळी सांगते. फिरकी घेते माझी."

"नक्की बारा. मी कशाला फिरकी घेऊ?"

तो गेला, दार ओढून घेऊन. मावशीने चहाचा एक घोट घेतला आणि अंगठा बोटांच्या पेरांवर सरकवला. सहा जून शुक्रवार. म्हणजे तेरा शुक्रवार. म्हणजे आज गुरुवार. झालं! जीव भांड्यात पडला. विचारा आता काय विचारायचं ते.

दुसऱ्या घोटाला मात्र ती थांबली. गल्लीत कचऱ्याची गाडी यायची ती सोमवारी आणि गुरुवारी, घंटा वाजवत, सूनबाईच्या पातेल्याच्याही आधी. आज घंटा वाजली नव्हती. आणि काल वाजल्याचं तिला आठवत होतं. काल गाडी आली असेल तर आज गुरुवार कसा असेल? आज मंगळवार असेल नाहीतर शुक्रवार.

की काल वाजली ती स्वप्नात? तापानंतर तिला स्वप्नं पडायची, अगदी खऱ्यासारखी. तिने चहा संपवला. छोटूने सांगितलंय बारा. पोटच्या पोरासारखा वाढवला तो खोटा, आणि कचऱ्याची गाडी खरी? तिने मनातली गाडी पुढे हाकलून दिली.

तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं.

"खुर्ची आली वाटतं!" सूनबाई पळत गेली. मग तिचा आवाज एकदम बदलला, साखर घोळल्यासारखा झाला. "या, या, बाई. बसा ना. पंखा लावू का?"

खुर्चीचंही मावशीला माहीत होतं. मागच्या खोलीला गल्लीकडे उघडणारं स्वतःचं दार होतं, आणि सूनबाईला तिथे पार्लर काढायचं होतं. आरसा येऊन पडलाच होता. खाकी कागदात गुंडाळून मधल्या बोळात भिंतीला टेकवून ठेवलेला. मोरीकडे जाताना मावशीला त्याच्या बाजूने अंग चोरून जावं लागे. आरसा येतो, खुर्ची येणार असते, आणि आधीचं माणूस तेवढं हलायचं बाकी असतं. आपण पाहुणे असल्यासारखं तिला स्वतःच्याच घरात वाटायचं. हो, घर तिचंच. भाच्याच्या लग्नात तिने ते हौसेने त्याच्या नावावर केलं, तेव्हा सूनबाई नवी होती आणि चालताना हळू पावलं टाकायची.

बाहेर पाणी, चहा, बिस्किटं चालली होती. तिकडे बोलणं होईपर्यंत मावशीने केस विंचरले, चादर ताणून घेतली आणि पलंगाच्या कडेला ताठ बसली. मेट्रनच्या खोलीत ती अशीच बसायची.

मोठ्या इस्पितळात तिचं काम होतं सिस्टर लोकांच्या ड्यूट्या लावायचं. कोण सकाळी, कोण रात्री, कुणाला कोणत्या वारी सुट्टी. तीन मजले, शेकड्यावर बायका, आणि सगळ्यांचं घरचं काही ना काही. पुढच्या महिन्याचा तक्ता मांडताना तारखेला वार लावावाच लागे. एकदा कॅलेंडर सापडेना म्हणून तिने मनातच लावून बघितलं आणि तिच्या लक्षात आलं की चार एप्रिल, सहा जून, आठ ऑगस्ट, दहा ऑक्टोबर, बारा डिसेंबर, या सगळ्या एका वर्षात एकाच वारी येतात. त्या वाराला ती वर्षाचा मालक म्हणू लागली. मालक कळला की वर्ष खिशात. तिथून पुढेमागे बोटं मोजायची, बस. हा शोध तिने धावत जाऊन मेट्रनना सांगितला. मेट्रन म्हणाल्या, "बरं झालं. आता तक्ता लवकर लावत जा."

सिस्टर मंडळींनी तिचं नाव ठेवलं वारबाई. तोंडावर मानाने, पाठीमागे दात ओठ खाऊन. कारण वारबाईच्या तक्त्यात खाडाखोड नसायची. एका पोरीची आई ऑपरेशनला जायची होती. तिने दोन दिवस आधी येऊन हात जोडले. "वारबाई, तेवढी एक रात्र बदला हो." वारबाईने तक्त्यावरून नजर न उचलता सांगितलं, "त्या दिवशी शनिवार. शनिवारी तुझी रात्रपाळी. सहा महिने तीच आहे, आज कळलं का?" पोरगी रात्रभर दुसऱ्यांच्या आया सांभाळत बसली. तिची आई ऑपरेशनातून उठली नाही. वारबाईला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण पुढच्या तक्त्यातही तिने खाडाखोड केली नाही. निरोपसमारंभाला त्याच पोरीने, आता केस पिकलेल्या, मागून ओरडून सांगितलं, "वारबाई, उद्यापासून रोज सुट्टी! आता वार विसरला तरी चालेल!" सगळ्या हसल्या. जरा जास्तच वेळ हसत राहिल्या.

घरी होता छोटू. बहीण गेली तेव्हा तो पहिलीत होता. मावशीने लग्नाचा विषय बासनात बांधला आणि त्याला उराशी घेतलं. निजताना गोष्टी सांगायला तिला येत नसत, म्हणून ती त्याला वार काढायला शिकवायची. इवल्या बोटांची पेरं, त्यावर त्याचा इवला अंगठा. "मालक कोण?" "बुधवार!" "मग पंचवीसला?" पोरगा शाळेत भाव खाऊन यायचा. पुढे सूनबाईला पटवतानाही त्याने हेच केलं होतं. जन्मतारीख विचारली, वार सांगितला, आणि ती पाघळली. "माझ्यावर लाइन मारायला सुद्धा मावशीचंच गणित वापरलं यांनी," ती पूर्वी हसत हसत सांगायची.

पूर्वी. मग एके दिवशी तिचे वडील गेले. बाया भेटायला आलेल्या, ही मध्ये बसून डोळे पुसत सांगत होती, "सोमवारी दुपारी माझ्याशी बोलले फोनवर, शेवटचं…" मावशी पाण्याचे पेले घेऊन आली आणि जाता जाता म्हणाली, "सोमवार नव्हे गं, मंगळवार. तारखेवरून मंगळवार येतो." बरोबरच होतं तिचं. सूनबाईने पाण्याचा पेला हातात घेतला नाही. त्या दिवसानंतर या घरात मावशीची कुठलीच गोष्ट तिला गोड लागली नाही.

खोट्या तारखांचा खेळ तिनेच काढला. आधी गंमत म्हणून, बहिणीसमोर. "मावशी, आज चोवीस ना?" मावशी म्हणायची, "चोवीस असती तर शनिवार असता, आणि मग शाळेची बस कशी गेली? थापा मारतेस." दोघी टाळ्या देऊन हसायच्या. मावशीलाही तेव्हा मजा वाटायची. कुणीतरी आपल्याशी खेळतंय असं वाटायचं. मग शाळांना सुट्ट्या लागल्या, बस बंद झाली. मग ताप आला. त्यानंतर खेळात मावशीला हातात एकही पान उरलं नाही.

दार उघडलं. पुढे संस्थेच्या बाई, मागे सूनबाई, तिच्या मागे चौकटीला टेकून भाचा. बाई पन्नाशीच्या, दमलेल्या, चेहऱ्याने मायाळू. त्यांनी स्टूल ओढलं.

"कशा आहात, आजी?"

"मी कुणाची आजी नाही. मावशी म्हणा."

"बरं, मावशी." बाई हसल्या. "थोडे प्रश्न विचारते. घाबरायचं नाही हं."

"विचारा. घाबरायला काय झालंय?"

बाईंनी नाव विचारलं, वय विचारलं, कुठे आहोत ते विचारलं. "माझ्या घरी," मावशी म्हणाली आणि सूनबाईकडे बघून पुढे म्हणाली, "पार्लरमध्ये अजून नाही." बाईंना हसू आलं. त्यांनी तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, लिंबू, किल्ली, रस्ता. शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. मावशी थांबेचना, शेवटी बाईंनीच पुरे म्हटलं. साल बरोबर. महिना बरोबर. सूनबाईचा पाय जमिनीवर टकटक करू लागला होता.

"आणि आज तारीख कोणती?"

मावशीने क्षणभर चौकटीकडे बघितलं. छोटू आपल्या चपलांकडे बघत होता.

"बारा," ती म्हणाली. "बारा जून. गुरुवार."

बाईंनी मान हलवली. "असू दे. आजारातून उठलेल्या माणसाची तारीख इकडेतिकडे होते. त्याचं मी फारसं धरत नाही."

इथे मावशी गप्प बसली असती तर कदाचित निभावलं असतं. बाई पेन बंद करायला लागल्याच होत्या. पण आयुष्यभर जिच्या तक्त्यात खाडाखोड झाली नाही, तिला 'असू दे' कसं ऐकवेल?

"इकडेतिकडे म्हणजे?"

"म्हणजे चुकते थोडी. होतं तसं."

"माझी चुकत नाही. तुमची चुकत असेल." मावशीचा आवाज मेट्रनच्या खोलीतला झाला. "सहा जून शुक्रवार. तेरा शुक्रवार. बारा गुरुवार. कुणालाही विचारा. तुम्ही शिकलेल्या बाई, एवढं पडताळून तरी बघायचं होतं प्रश्न विचारायच्या आधी!"

"मावशी, मावशी…" बाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मावशीने तो झटकून टाकला. मग बाईंनी पर्समधून फोन काढून तिच्यासमोर धरला. "हे बघा. आज सतरा आहे."

मोठे आकडे होते. चष्म्याशिवायही दिसले. मावशीचा अंगठा आपोआप पेरांवरून धावला.

"सतरा म्हणजे मंगळवार," ती म्हणाली.

"हो. मंगळवारच आहे."

"म्हणजे काल सोमवार होता." तिच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे काल कचऱ्याची गाडी आली होती. खरोखर आली होती! घंटा मी ऐकली. मला वाटलं स्वप्नात…"

"कचऱ्याची गाडी?" बाईंनी सूनबाईकडे बघितलं.

सूनबाईने खोल श्वास सोडला. तिला फार काही करावं लागलंच नाही. "असंच चालतं, बाई. दिवसभर. आवाज ऐकू येतात, घंटा ऐकू येतात."

"पण सतरा म्हटल्याबरोबर वार बरोबर सांगितला की त्यांनी," बाई जरा घुटमळल्या.

"ते पाठ आहे त्यांचं. पोपटासारखं. कधीचंही विचारा, सांगतील. आणि गॅस बंद करायला सांगा, राहिला!" गॅसपर्यंत मावशीला जाऊ देऊन वर्ष झालं होतं, ते ती बोलली नाही.

"हं. आमच्याकडे आहेत एक आजोबा तसे," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, नुसती माहिती होती. "जन्मतारीख सांगितली की वार सांगतात. आणि चमचा तोंडापर्यंत नेता येत नाही. मेंदूचं असं असतं, एखादी खोली शाबूत राहते."

मावशीने हे ऐकलं की नाही कोण जाणे. ती भाच्याकडे बघत होती.

"छोटू, तू मला बारा सांगितलीस. सकाळी. चहा देताना. सांग बाईंना."

भाच्याने चपलांवरची नजर काढली नाही. "मी?"

"हे मला खोट्या तारखा सांगतात, बाई. दोघंही. ही तर रोज सांगते. कॅलेंडर काढून नेलंय, तो बघा खिळा. पेपर बंद केला. फोन नेला माझा. आज हे सगळं तुम्ही यायच्या होतात म्हणून…" बोलता बोलता तिचं तिलाच ऐकू आलं. आपण कसे वाटतोय ते तिने बाईंच्या चेहऱ्यावर वाचलं. बाईंचे डोळे मऊ झाले होते, फार मऊ.

"कधीपासून असं वाटतंय तुम्हाला?" त्यांनी हळूच विचारलं आणि पेन पुन्हा उघडलं.

"वाटत नाहीये. तसं आहे! छोटू, बोल ना रे!"

"मावशी," भाचा म्हणाला, "मी आज सकाळी तुझ्या खोलीत आलोच नाही."

रिकामी कपबशी पलंगाखाली होती. सूनबाईने वाकून ती उचलली. "चहा मी दिला, बाई. रोज मीच देते. हे उठतात कुठे लवकर?"

बाईंनी दोन ओळी लिहिल्या. मग लिंबू, किल्ली, रस्ता विचारायचंही त्या विसरल्या. मावशीच्या मात्र तिन्ही शब्द जिभेवर होते. "आपण थोडं बाहेर बोलू या," त्या सूनबाईला म्हणाल्या. दोघी गेल्या. आरशाजवळून अंग चोरून जाताना कागद खसखसला.

भाचा चौकटीतच राहिला. पुढे यावं की जावं ते त्याला कळत नव्हतं. एका हाताचा अंगठा त्याच हाताच्या पेरांवर उगीच फिरत होता. लहानपणी घाबरला की करायचा तसा.

"नीट शिकवलं होतं मी तुला," मावशी म्हणाली. आवाज चढवायचं तिने सोडून दिलं होतं.

"मावशी, आता ते…"

"दहा सांगितली असतीस तर मंगळवारच आला असता माझा. तारीख चुकली असती, वार बरोबर आला असता. बाईंनी तेवढ्यावर सोडलं असतं. म्हणून दहा सांगितली नाहीस. बारा सांगितलीस. दोन्ही चुकायला हवं होतं."

तो नखाने चौकटीचा रंग खरवडत राहिला. नाही म्हणाला असता, तर तिने विश्वासही ठेवला असता कदाचित. अजूनही.

"बसून काढलंस का? बोटांवर?"

"तिथे बाग आहे, मावशी," तो म्हणाला. "चांगली बाग आहे. मी बघून आलोय. डॉक्टर रोज येतात. इथे दिवसभर तू एकटी… आणि हिचं तर तू बघतेसच. मी दोन्हीकडून चेपला जातो गं. मला पण घरात राहायचंय ना?"

"राहा की," मावशी म्हणाली. "घर तुझंच आहे."

बाहेर ठरत होतं ते भिंतीतून येत होतंच. तपासणीसाठी म्हणून आधी थोडे दिवस ठेवू. मग बघू. कपडे चार जोड्या द्या. सोन्याचं काही देऊ नका. कात्री, सुई, काचेचं काही नको. हो, याच आठवड्यात, एक जागा झाली आहे. "झाली म्हणजे?" सूनबाईने विचारलं. "गेले ते," बाई म्हणाल्या. सूनबाईने "अरेरे" म्हटलं, आणि लगेच, बाई मोरीत हात धुवायला गेल्या असताना, तिचा फोन सुरू झाला. "हॅलो, खुर्ची कधी पाठवताय? नाही, नाही, आता जागा आहे. याच आठवड्यात पाठवा."

मावशी पलंगाच्या कडेला तशीच ताठ बसून होती. तिच्या मनात छोटूबद्दल काही नव्हतं, निदान त्या क्षणी तरी नाही. ती संस्थेतल्या भिंतींचा विचार करत होती. तिथे कॅलेंडर असेल का? असलं तर पान वेळेवर उलटतात का? बाहेरून कडी लावलेल्या दारातून कसले आवाज येत असतील? गाडी येत असेल का कुठली, ठरल्या वारी? आणि तिथल्या कामाच्या बाया, त्यांनाही दिवसभराच्या कंटाळ्यात गंमत करावीशी वाटली तर? 'वारबाई, आज चोवीस ना?' आत जाऊन एकदा दिवस हातातून सुटला, की तो पुन्हा कुठून धरायचा? मग पुढच्या वेळी बाई विचारतील तेव्हा ती पुन्हा चुकेल, आणि त्या चुकीला मग कुणी खोटं म्हणणार नाही.

बाई परत आत आल्या. त्यांनी पिशवी खांद्याला लावली होती, पण जाताना त्या पुन्हा स्टुलावर टेकल्या. हात ओले होते, ते त्यांनी आपल्याच ओढणीला पुसले.

"मावशी, आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एक विचारते. तुम्हाला तिथे काय हवं, ते सांगायचं. खिडकीजवळची कॉट, गोड चहा, रात्री दिवा चालू, काहीही. जमण्यासारखं असेल तर मी स्वतः बघेन. सांगा."

दारात सूनबाई उभी होती. "त्यांना काय, काही चालतं," ती म्हणाली.

"त्यांनाच सांगू दे," बाई म्हणाल्या.

भाच्याने मान वर केली. त्याला वाटलं असावं, आता ती त्याचं नाव घेईल, भेटायला येऊ दे म्हणेल, नाहीतर येऊ देऊ नका म्हणेल. मावशीने त्याच्याकडे बघितलं नाही. तिने बाईंचा चेहरा नीट निरखला, हे माणूस खोटं बोलणारं आहे की नाही ते पारखावं तसा, आणि मग बोलली.

"रोज सकाळी कुणीतरी मला तारीख सांगत जा. खरी. वार माझा मी काढीन."